भूक आपल्याला लागते, इंग्रजीत मात्र माणूसच ‘हंगरी’ असतो

सोलापुरात शाळेच्या एकाच बाकावर तीन-चार घरभाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी त्या सगळ्यांतून एकच वाक्य निघते. मराठी मुलगी ‘मला भूक लागली’ म्हणते, विणकर वस्तीतला तेलुगू मुलगा ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ म्हणतो, कन्नड घरातला मुलगा ‘ननगे हसिवागिदे’ म्हणतो आणि दखनी बोलणारा ‘मेरेकू भूक लगी’ म्हणतो. शब्द निरनिराळ्या घरांतले असले, तरी वाक्याची बांधणी एकच आहे. भूक नावाची एक गोष्ट आहे, ती एक नाम आहे, आणि ती बोलणाऱ्याकडे आलेली आहे. पुढच्या तासाला हीच मुले इंग्रजी लिहायला बसतात, तेव्हा वहीत ‘आय ॲम हंगर’ असे वाक्य उमटते. शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात, वर ‘हंगरी’ लिहितात, आणि चूक स्पेलिंगची असावी असे समजून मुलगा पुढे जातो.

चूक स्पेलिंगची नसते. ‘हंगर’ म्हणजे भूक, हे नाम. ‘हंगरी’ म्हणजे भुकेला, हे विशेषण. आपल्या भाषांत भूक, तहान, राग, भीती, लाज, कंटाळा, आनंद, आश्चर्य या साऱ्या गोष्टी नामाच्या रूपात माणसाला लागतात, येतात, वाटतात किंवा होतात, आणि माणूस वाक्यात ‘मला’ म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजी त्या माणसाला कर्त्याच्या जागी आणून बसवते आणि ती अवस्था विशेषण करून त्याच्या अंगावर चढवते. म्हणून राग येणे हे ‘आय ॲम अँग्री’ होते, ‘आय ॲम अँगर’ होत नाही. तहान लागणे हे ‘आय ॲम थर्स्टी’ होते, आणि आश्चर्य वाटणे हे ‘आय ॲम सरप्राइज्ड’ होते. विद्यार्थ्याने ‘आय ॲम’ हा साचा पाठ केलेला असतो, परंतु त्या साच्यात भरायचा शब्द तो मराठी वाक्यातून उचलतो आणि मराठी वाक्यात तो शब्द नाम असतो. नाम आणि विशेषण यांच्या गोंधळाचा फार मोठा भाग या एका ठिकाणी उगम पावतो, असे माझे मत आहे. ‘मुलांचे शब्दपाठांतर कच्चे आहे’ हे नेहमीचे निदान मला म्हणूनच अपुरे वाटते.

हवामानाचेही तसेच आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा आपण ‘आज फार ऊन आहे’, ‘उकाडा आहे’, ‘धूळ आहे’ असे म्हणतो, म्हणजे पुन्हा नामेच वापरतो. त्यावरून तयार झालेले ‘टुडे इज व्हेरी हीट’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. इंग्रजीत ‘हीट’ म्हणजे उष्णता आणि ‘हॉट’ म्हणजे उष्ण. हवामान सांगताना विशेषणच लागते आणि कर्त्याच्या जागी अर्थहीन असे ‘इट’ ठेवावे लागते: ‘इट इज व्हेरी हॉट टुडे’. त्याच चालीने वारा म्हणजे ‘विंड’ असला तरी वारा सुटला असेल तर ‘इट इज विंडी’, आणि धूळ म्हणजे ‘डस्ट’ असली तरी रस्ता ‘डस्टी’. थंडीच्या बाबतीत एकच शब्द तीन वेगवेगळी कामे करतो आणि ती तिन्ही कामे एकत्र पाहिली की मुद्दा पक्का होतो. ‘इट इज कोल्ड’ म्हणजे बाहेर थंडी आहे. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे. आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. पहिल्या दोन वाक्यांत ‘कोल्ड’ विशेषण आहे, तिसऱ्यात ‘अ’ लागल्याबरोबर ते नाम झाले आहे. वर्गशिक्षिकेला रजेचा अर्ज लिहिताना ‘अ’ विसरला आणि ‘हॅव’ऐवजी ‘ॲम’ पडले, तर सर्दीची रजा मागणारा मुलगा केवळ स्वेटर मागतो आहे असे वाटेल.

येथे एक पोटनियम उपयोगी पडतो. भावना आणि शरीराच्या साध्या गरजा इंग्रजीत बहुधा विशेषणाने सांगितल्या जातात, तर आजार बहुधा नामाने. ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव अ हेडेक’, ‘आय हॅव अ कफ’ ही वाक्ये आपल्या ‘मला ताप आहे’ या बांधणीच्या जवळ जातात, म्हणून ती सहसा चुकत नाहीत. चक्कर मात्र आजारासारखी वाटूनही विशेषणाकडे जाते: ‘आय ॲम डिझी’.

आता प्रश्न असा, की समोर आलेला शब्द नाम आहे की विशेषण हे ओळखायचे कसे. व्याख्या पाठ करून हे साधत नाही. शब्द वाक्यात कोणत्या खुर्चीवर बसला आहे ते पाहावे लागते. इंग्रजीत विशेषणाच्या मुख्य खुर्च्या दोन आहेत: एक नामाच्या लगेच आधी, जसे ‘अ सायलेंट रोड’, आणि दुसरी ‘इज’, ‘वॉज’, ‘सीम्स’, ‘फील्स’ यांच्यानंतर, जसे ‘द रोड इज सायलेंट’. नाम वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून बसते, ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’ अशा शब्दांनंतर बसते, आणि ‘द’, ‘माय’, ‘हर’ यांच्यामागे आणखी कोणी आले नाही तर तेथे बसते. ‘देअर वॉज सायलेन्स इन द रोड’ यात ‘सायलेन्स’ नाम आहे. काही विशेषणे मात्र दोनपैकी एकच खुर्ची स्वीकारतात. ‘द बॉय इज अफ्रेड’ चालते, पण ‘ॲन अफ्रेड बॉय’ कोणी म्हणत नाही, तेथे ‘अ फ्राइटन्ड बॉय’ म्हणावे लागते; ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ हेही तसेच नामाआधी न बसणारे शब्द आहेत.

खुर्ची ओळखण्याच्या कामी आपला एक लाडका शब्द आपल्याला अडवतो, तो म्हणजे ‘खूप’. आपण ‘खूप सुंदर’ म्हणतो आणि ‘खूप यश’ही म्हणतो, म्हणजे ‘खूप’ विशेषणापुढेही चालतो आणि नामापुढेही चालतो, त्याला भेद नाही. इंग्रजीने हे काम दोघांत वाटून दिले आहे. विशेषणाला ‘व्हेरी’ लागते, नामाला ‘मच’ किंवा ‘अ लॉट ऑफ’ लागते. त्यामुळे ‘व्हेरी सक्सेसफुल’ बरोबर आणि ‘व्हेरी सक्सेस’ चूक. नेमकी अशीच वाटणी ‘इतका’ या शब्दाचीही झाली आहे. ‘इतकी सुंदर’ याला ‘सो ब्यूटिफुल’ म्हणतात आणि ‘इतके सौंदर्य’ याला ‘सच ब्यूटी’ म्हणतात. ‘किती’चेही तेच: ‘किती उंच’ म्हणजे ‘हाऊ टॉल’, तर ‘उंची किती’ याला ‘व्हॉट इज द हाइट’. शब्दाबद्दल शंका आली, तर त्याच्या पुढे मनातल्या मनात ‘व्हेरी’ लावून पाहावे. ‘व्हेरी डिफरन्ट’ कानाला बरे वाटते, ‘व्हेरी डिफरन्स’ खटकते. पण हा कान तयार व्हायला थोडे इंग्रजी वाचलेले असावे लागते, हेही मान्य केले पाहिजे.

‘सक्सेस’ या शब्दावर जरा थांबतो, कारण तो आपल्याकडे इस्पितळांमुळे फार रुळला आहे. सोलापूर हे शेजारच्या जिल्ह्यांतील आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील रुग्णांचेही उपचाराचे गाव आहे, आणि शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेले नातेवाईक घरी फोन करून ‘ऑपरेशन सक्सेस झाले’ असे कळवतात. मराठी वाक्य म्हणून त्यात काही वावगे नाही. तेच इंग्रजीत नेताना ‘द ऑपरेशन वॉज सक्सेस’ असे लिहिले तर ते लंगडे पडते. त्याला दोन उपाय आहेत. एक तर विशेषण आणावे, ‘द ऑपरेशन वॉज सक्सेसफुल’. नाहीतर नामाला त्याचा हक्काचा ‘अ’ द्यावा, ‘द ऑपरेशन वॉज अ सक्सेस’. त्याच इस्पितळात ‘पेशन्ट’ हा शब्द दुहेरी भूमिकेत उभा असतो. नाम म्हणून तो रुग्ण आहे आणि विशेषण म्हणून तो सहनशील आहे, त्यामुळे ‘अ पेशन्ट डॉक्टर’ म्हणजे आजारी डॉक्टर नव्हे, रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर होय. या सहनशीलतेचे नाम ‘पेशन्स’, आणि रुग्णाचे अनेकवचन ‘पेशन्ट्स’. उच्चारात दोन्ही जवळजवळ एकच ऐकू येतात, अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो.

यातून शब्दांच्या शेपटीकडे जाता येते. ‘पेशन्ट–पेशन्स’प्रमाणेच ‘सायलेंट–सायलेन्स’, ‘इंपॉर्टन्ट–इंपॉर्टन्स’, ‘डिस्टन्ट–डिस्टन्स’, ‘कॉन्फिडन्ट–कॉन्फिडन्स’, ‘इंटेलिजन्ट–इंटेलिजन्स’ अशी मोठी रांग आहे, आणि तिचा नियम इतका सरळ आहे की तो एकदाच सांगून पुढे जावे: शेवटी ‘ट’ ऐकू आला तर विशेषण, ‘स’ ऐकू आला तर नाम. ‘फुल’, ‘लेस’, ‘एबल’, ‘अस’ या शेपट्या विशेषणाच्या आणि ‘नेस’, ‘मेंट’, ‘शन’, ‘इटी’ या शेपट्या नामाच्या, हेही शाळेत सांगितले जाते.

याहून अधिक रस मला दुसऱ्या एका जोडीत वाटतो. ‘लाँग’चे नाम ‘लेंग्थ’, ‘स्ट्राँग’चे ‘स्ट्रेंग्थ’, ‘वाइड’चे ‘विड्थ’, ‘डीप’चे ‘डेप्थ’, ‘ब्रॉड’चे ‘ब्रेड्थ’ होते. येथे शेवटी ‘थ’ तर लागतोच, शिवाय शब्दाच्या पोटातला स्वरही बदलतो. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटते, पण मराठी वाचकाला ते वाटण्याचे कारण नाही. आपण संस्कृतकडून घेतलेल्या शब्दांत नेमके हेच घडते: सुंदरचे सौंदर्य, गंभीरचे गांभीर्य, शूरचे शौर्य, धीरचे धैर्य. शेवटी ‘य’ लागला आणि पहिला स्वर फुगला. दोन्हींची ध्वनिकारणे वेगळी आहेत, परंतु विशेषणातून भाववाचक नाम करताना शब्दाच्या आतला स्वरही हलू शकतो, ही गोष्ट आपल्याला घरातूनच माहीत आहे. घरातूनच माहीत असलेली चूकही येथे कामाला येते. सभांच्या निवेदनात ‘सौंदर्यता’ आणि ‘गांभीर्यता’ असे शब्द हमखास ऐकू येतात; त्यांत नामाला पुन्हा एकदा नामाची शेपटी लावलेली असते. इंग्रजीत ‘सक्सेसनेस’ किंवा ‘हेल्थनेस’ लिहिणारा विद्यार्थी तीच चूक करतो. ‘ब्यूटिफुलनेस’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘ब्यूटिफुल’ हे विशेषण असल्याने त्याला ‘नेस’ लावणे व्याकरणाने अशक्य नाही, पण ‘ब्यूटी’ हा रुळलेला शब्द हाताशी असताना तसे कोणी म्हणत नाही.

टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्यांच्या कचेरीत लांबी-रुंदीच्या या जोड्या रोज लागतात. एखादी चादर 90 इंच लांब आणि 60 इंच रुंद असेल, तर पत्रात ‘नाइन्टी इंचेस लाँग अँड सिक्स्टी इंचेस वाइड’ असे विशेषणाने लिहिता येते, किंवा ‘नाइन्टी इंचेस इन लेंग्थ’ असे नामाने लिहिता येते, किंवा ‘द लेंग्थ इज नाइन्टी इंचेस’ असेही लिहिता येते. न चालणारे वाक्य म्हणजे ‘द चादर इज नाइन्टी इंचेस लेंग्थ’. नामाला ‘इन’चा आधार हवा असतो, विशेषण स्वतःच्या पायावर उभे राहते.

आता रस्त्यावर येऊ, कारण गोंधळाचा दुसरा मोठा झरा तेथे आहे. मराठीने इंग्रजी विशेषणे उचलली आणि त्यांच्या पुढचे नाम गाळून टाकले. आपण रुग्णाला ‘सिव्हिलला’ नेतो, गोळ्या ‘मेडिकलमधून’ आणतो, वाढदिवसाला चौकात ‘डिजिटल’ लावतो, गाडीत ‘जनरलमध्ये’ बसतो आणि नोकरीत ‘पर्मनंट’ होतो. मूळचे ‘सिव्हिल हॉस्पिटल’, ‘मेडिकल स्टोअर’, ‘डिजिटल बॅनर’, ‘जनरल कंपार्टमेंट’. त्यांतले शेपूट आपण कापले आणि उरलेल्या विशेषणाला नामाचे सगळे विभक्ती-प्रत्यय बेधडक लावले. ही मराठीची ताकद आहे, ती चूक म्हणून खोडण्यात अर्थ नाही. मात्र ‘आय वेन्ट टू मेडिकल’ हे वाक्य इंग्रज वाचकाला अर्धवट वाटते. ब्रिटनमध्ये ‘अ मेडिकल’ असे नाम आहेही, पण त्याचा अर्थ आरोग्यतपासणी असा होतो. ‘देअर इज अ डिजिटल इन द चौक’ या वाक्यातून तर फ्लेक्सवरचा हसरा चेहरा कुणाही परक्याला दिसणार नाही. इंग्रजीनेही स्वतः हा उद्योग केलेला आहे. ‘मोबाइल’ हे मुळात हलू शकणारा या अर्थाचे विशेषण, ते ‘मोबाइल फोन’मधून सुटून नाम झाले. ‘कॅपिटल’, ‘क्रिमिनल’, ‘केमिकल’ हेही दोन्ही खुर्च्यांवर बसणारे शब्द आहेत. कोणते विशेषण इंग्रजीत नाम म्हणून मान्य झाले आहे आणि कोणते केवळ आपल्या चौकात झाले आहे, याचा कोणताही नियम नाही, ते शब्दागणिक पाहावे लागते.

क्रियापदे उचलतानाही आपण शेपट्या गाळल्या. ‘मी बोअर झालो’, ‘ती कन्फ्यूज आहे’, ‘साहेब इम्प्रेस झाले’ ही वाक्ये मराठीत पूर्ण आहेत, कारण ‘झालो’ आणि ‘आहे’ सगळे काम करतात. इंग्रजीत येथे ‘एड’ अनिवार्य आहे: ‘आय ॲम बोअर्ड’, ‘शी इज कन्फ्यूज्ड’. हे ‘एड’ गळून त्या जागी ‘अ’ आला, तर अर्थ उलटतो, कारण ‘बोअर’ हे नामही आहे आणि ‘आय ॲम अ बोअर’ म्हणजे मी लोकांना पिळणारा माणूस आहे. ‘आय ॲम बोरिंग’ म्हटले तरी तीच कबुली होते. ‘एड’ आणि ‘इंग’ यांच्यातला हा फरक इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही जड जातो, परंतु मराठीत तो आरशासारखा स्पष्ट आहे: कंटाळलेला आणि कंटाळवाणा, घाबरलेला आणि घाबरवणारा, थकलेला आणि थकवणारा. जेथे मराठीत ‘लेला’ येईल तेथे ‘एड’, जेथे ‘णारा’ किंवा ‘वाणा’ येईल तेथे ‘इंग’. व्याख्यान ‘बोरिंग’ असते, श्रोते ‘बोअर्ड’ असतात. ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’ यांना ही पट्टी थोडी ताणून लावावी लागते, कारण ‘रस लागलेला’ असे आपण सहसा म्हणत नाही, तरीही ती लागते.

मजेबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळणे लागतात, आणि शाळा उघडल्यावर निबंधात ‘गड्डा वॉज व्हेरी फनी’ हे वाक्य येते. ‘फनी’ म्हणजे हसू आणणारा, कधी कधी संशयास्पदसुद्धा. मजा या अर्थाचा शब्द ‘फन’, तो नाम आहे, आणि गंमत अशी की तो ‘अ’ न घेताच ‘वॉज’नंतर बसतो: ‘गड्डा वॉज फन’. ‘खूप मजा आली’ म्हणायचे असेल तर ‘अ लॉट ऑफ फन’.

यापुढचा भाग विणकरांच्या गावाला अगदी जवळचा आहे. चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले, तेव्हा इंग्रजी नोंदीत नावे आली ती ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ अशी. मराठीत आपण ‘सोलापुरी चादर’ म्हणतो, म्हणजे गावाच्या नावाला ‘ई’ लावून त्याचे विशेषण करतो. इंग्रजी ते कष्ट घेत नाही; ती एक नाम उचलून जसेच्या तसे दुसऱ्या नामापुढे ठेवते, आणि पुढे ठेवलेले ते नाम विशेषणाचे काम करू लागते. ‘कॉटन मिल’, ‘टॉवेल फॅक्टरी’, ‘पॉवरलूम वर्कर’ हे सगळे याच घडणीचे शब्द आहेत. येथे दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. पुढे ठेवलेले नाम बहुधा एकवचनी राहते, म्हणून हजारो टॉवेल तयार झाले तरी कारखाना ‘टॉवेल फॅक्टरी’च, ‘स्पोर्ट्स’सारखे मोजके अपवाद सोडावेत. दुसरे म्हणजे, क्रम उलटला की वस्तू बदलते: ‘कॉटन मिल’ ही गिरणी आहे, ‘मिल कॉटन’ हा कापूस आहे.

सोलापुरातल्या ज्या गिरणीला आपण जुनी गिरणी म्हणून ओळखतो, तिच्या कंपनीच्या नावात ‘स्पिनिंग अँड वीव्हिंग’ असे शब्द होते. ‘बोरिंग’मधला ‘इंग’ विशेषणाचा होता; ‘स्पिनिंग’ म्हणजे सूतकताई आणि ‘वीव्हिंग’ म्हणजे विणाई, म्हणजे हाच ‘इंग’ येथे नामाचा झाला आहे, आणि ती नामे ‘कंपनी’ या शब्दापुढे बसून पुन्हा विशेषणाचे काम करीत आहेत. त्या गिरणीसाठी संसदेने 1950 साली खास कायदा केला, त्याच्या नावात ‘इमर्जन्सी प्रोव्हिजन्स’ असे शब्द आहेत. ‘अर्जन्सी’चे विशेषण ‘अर्जन्ट’ होते म्हणून ‘इमर्जन्सी’चे विशेषण ‘इमर्जन्ट’ असेल, असा तर्क कोणीही करील, आणि तो फसेल. ‘इमर्जन्ट’ म्हणजे नव्याने उदयाला येणारा. आणीबाणीच्या अर्थाने ‘इमर्जन्सी’ हे नामच नामापुढे ठेवावे लागते.

द्रव्यवाचक शब्दांत मात्र इंग्रजीने दोन्ही सोयी ठेवल्या आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे केले आहेत. ‘अ गोल्ड रिंग’ म्हणजे सोन्याची अंगठी. ‘अ गोल्डन बॉर्डर’ म्हणजे सोनेरी काठ, ज्यात सोन्याचा कण नसला तरी चालते. मराठीत ‘सोन्याचा’ आणि ‘सोनेरी’ हा भेद तंतोतंत असल्याने येथे चुकण्याचे कारण उरत नाही. रेशमाच्या बाबतीत मात्र आपणच सैल आहोत: ‘रेशमी साडी’ आणि ‘रेशमी केस’ दोन्हींना एकच विशेषण वापरतो. इंग्रजीत साडी ‘सिल्क’ आणि केस ‘सिल्की’. लाकडाला व लोकरीला हा भेद लागू नाही. ‘वुडन’ आणि ‘वुलन’ या वस्तू खरोखरच लाकडाच्या आणि लोकरीच्या असतात. देशांच्या नावांतही सावध राहावे. बाजारात आपण ‘चायना माल’ म्हणतो आणि ‘चायनीज’ हा शब्द संध्याकाळच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो, पण इंग्रजीत देश ‘चायना’ आणि त्या देशाचे जे जे असेल ते ‘चायनीज’. सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते ‘इंडियन मेडिकल मिशन’ होते. दोन विशेषणे आणि एक नाम, प्रत्येक जण आपापल्या जागी.

आतापर्यंत नाम आणि विशेषण यांची तुलना झाली. खरा तिढा तेव्हा पडतो, जेव्हा एकाच नामापासून दोन विशेषणे निघतात. ‘उद्योग’ या मराठी शब्दाचेच पाहा. त्यापासून ‘औद्योगिक’ निघते आणि ‘उद्योगी’ही निघते, वसाहत औद्योगिक असते आणि पहाटेपासून मागावर उभी राहणारी बाई उद्योगी असते. ‘औद्योगिक बाई’ आपण स्वप्नातही म्हणणार नाही. इंग्रजीत ‘इंडस्ट्री’पासून निघालेले ‘इंडस्ट्रियल’ आणि ‘इंडस्ट्रियस’ हे नेमके याच दोन अर्थांचे शब्द आहेत. अक्कलकोट रस्त्यावरची वसाहत ‘इंडस्ट्रियल’, तेथला कष्टाळू कामगार ‘इंडस्ट्रियस’.

‘इक’ आणि ‘इकल’ या शेपट्यांच्या जोड्या सर्वांत बदनाम आहेत. मराठीचा ‘इक’ संस्कृतातून आणि इंग्रजीचा ‘इक’ ग्रीक-लॅटिनमधून आला असून या भाषा एकाच कुळातल्या आहेत, त्यामुळे ‘ऐतिहासिक’ आणि ‘हिस्टॉरिक’ यांच्या शेपट्या सारख्या दिसतात यात आश्चर्य नाही. अडचण अशी, की मराठीत ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द आहे आणि इंग्रजीत दोन. ज्या घटनेने इतिहास घडवला ती ‘हिस्टॉरिक’. जे इतिहासाशी संबंधित आहे, मग ते महत्त्वाचे असो वा नसो, ते ‘हिस्टॉरिकल’. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागू झाला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली; हे प्रसंग ‘हिस्टॉरिक’ आहेत. त्या काळातील एखादे साधे भाडेपावतीचे पुस्तक अभ्यासकाच्या हाती लागले, तर ते ‘हिस्टॉरिकल डॉक्युमेंट’ आहे. ‘आर्थिक’ या अर्थी ‘इकॉनॉमिक’ म्हणावे आणि ‘काटकसरीचा’ या अर्थी ‘इकॉनॉमिकल’. गिरण्या बंद पडल्या त्यामागे ‘इकॉनॉमिक’ कारणे होती, आणि वर्षानुवर्षे न विरणारी जाड चादर घेणे ‘इकॉनॉमिकल’ असते. वर्तमानपत्री इंग्रजीत ‘इकॉनॉमिकल क्रायसिस’ असे वाचायला मिळते, त्याचा शब्दशः अर्थ स्वस्तातले संकट असा होईल. ‘इकॉनॉमिक्स’ हे तर विषयाचे नाव, शेवटी ‘स’ असूनही एकवचनी. अभिजात भाषेचा दर्जा मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी मंजूर झाला, तो ‘क्लासिकल लँग्वेज’ म्हणून. ‘क्लासिक’ म्हटले असते तर अर्थ ‘आपल्या प्रकारातला उत्तम नमुना’ असा झाला असता. यंत्रमागाची मोटर ‘इलेक्ट्रिक’, ती दुरुस्त करणारा अभियंता ‘इलेक्ट्रिकल’ शाखेचा, आणि जी गेल्यावर माग थांबतो ती ‘इलेक्ट्रिसिटी’, जिला आपण मात्र ‘लाइट’ म्हणतो.

काही विशेषणे आपल्या नामासारखी दिसतच नाहीत. ‘टूथ’चे ‘डेंटल’, ‘सन’चे ‘सोलर’, ‘मून’चे ‘लूनर’, ‘हँड’चे ‘मॅन्युअल’, ‘सिटी’चे ‘अर्बन’. इंग्लंडवर 1066 साली नॉर्मनांनी ताबा मिळवला, त्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला, आणि घरातली नामे जुनी राहूनही त्यांची विशेषणे बऱ्याचदा लॅटिनच्या वळणाची झाली. आपणही दात म्हणतो पण वर्ण ‘दंत्य’ असतो, पाणी म्हणतो पण वनस्पती ‘जलीय’ असते.

उच्चार किंवा स्पेलिंग जवळजवळ सारखे असल्याने फसवणारे थोडे शब्द उरतात. ‘प्रिन्सिपल’ हा शब्द ‘पी-ए-एल’ने संपत असेल तर तो मुख्य या अर्थाचे विशेषण असतो, किंवा प्राचार्य अथवा कर्जाची मुद्दल या अर्थाचे नाम असते, ‘पी-एल-ई’ने संपत असेल तर तो तत्त्व या अर्थाचे नाम असतो आणि विशेषण कधीच नसतो. ‘स्टेशनरी’ शब्दाच्या शेवटी ‘ई-आर-वाय’ असेल तर वह्या-कागद, ‘ए-आर-वाय’ असेल तर जागेवर स्थिर. ‘मॉरल’ म्हणजे नैतिक, तर ‘मोराल’ म्हणजे मनोधैर्य. ‘पर्सनल’ म्हणजे व्यक्तिगत, तर ‘पर्सोनेल’ म्हणजे कर्मचारीवर्ग.

शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे लहान अक्षरांत ‘एन’ किंवा ‘ए-डी-जे’ असे लिहिलेले असते. नामासाठी ‘एन’, विशेषणासाठी ‘ए-डी-जे’. बहुतेक विद्यार्थी ते ओलांडून थेट अर्थाकडे जातात. ‘सेफ’ हा शब्द काढून पाहावा. ‘ए-डी-जे’पुढे सुरक्षित असा अर्थ दिलेला असतो, सुरक्षितता हवी असेल तर कोश ‘सेफ्टी’कडे पाठवतो, आणि खाली ‘एन’पुढे तिजोरी असते. म्हणून ‘माय मनी इज सेफ’ म्हणजे पैसे सुरक्षित आहेत, आणि ‘माय मनी इज इन द सेफ’ म्हणजे ते तिजोरीत आहेत. ते सुरक्षित आहेत की नाहीत, हे त्या दुसऱ्या वाक्यात सांगितलेलेच नाही.